नवतप्यात कडुनिंबाखाली

नवतपा लागला आहे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस दुपारी नागपूरच्या रस्त्यांवर चिटपाखरू दिसत नाही. पारा ४५च्या आसपास असतो, एखाद्या वर्षी ४७च्याही वर जातो. म्हणून झाडाखाली बसून करायचं हे श्वासाचं मनन दुपारी नको. सकाळी आठ-नऊच्या सुमारास करा. महाराजबागेत, सेमिनरी हिल्सवर किंवा आपल्याच गल्लीत, जिथे कडुनिंब असेल त्याच्या सावलीत बसा. डोक्याला दुपट्टा असू द्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

आधी फक्त श्वासाकडे लक्ष द्या. आत जाणारी हवा कोरडी आहे, नाकपुड्यांना टोचते. बाहेर येणारी हवा मऊ, ओलसर आहे. हा फरक चार-पाच श्वास नुसता अनुभवा.

हा ओलावा तुमच्या फुप्फुसांतला आहे. तिथल्या वायुकोशांचं अस्तर सतत ओलं असतं, कारण ऑक्सिजन आधी त्या ओलाव्यात विरघळतो आणि मगच रक्तात उतरतो. पण जो पडदा हवेसाठी ओला ठेवायचा, त्यावरचं पाणी हवा घेऊन जाणारच. दिवसाकाठी पाव लिटरहून अधिक पाणी आपण नुसत्या श्वासावाटे गमावतो. ते थांबवायचं तर श्वासच थांबवावा लागेल.

आता वर पाहा. हाताशी आलेली एखादी डहाळी न तोडता हलकेच वाकवा आणि एक पान उलटं करून बघा. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसणार नाहीत, पण दहावीच्या पुस्तकातली आकृती आठवेल: घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी आणि मध्ये एक फट. पेशी पाण्याने टरारल्या की फट उघडते, पाणी कमी पडलं की मिटते. याच फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, ज्यापासून पान साखर बनवतं. आणि याच फटीतून पाणी वाफ होऊन निघून जातं. दुसरं दार झाडाला नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असंच हवेत जातं, झाडाच्या वाढीला लागतं ते अगदी थोडं.

इथे जरा थांबा. तुमचा ओला पडदा आणि झाडाची ओली फट. दोघांनाही हवा हवी आहे, आणि दोघंही तिची किंमत पाण्यात मोजत आहेत. शाळेत श्वसन एका धड्यात येतं, बाष्पोच्छ्वास दुसऱ्यात, आणि मुलं ते दोन वेगळ्या विषयांसारखं पाठ करतात. मला ही फारकत खटकते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२४ साली सूर्यफुलाचं रोप कुंडीसकट रोज तोललं आणि दाखवून दिलं, की वस्तुमानाच्या मानाने ते रोप माणसाच्या १७ पट पाणी बाहेर टाकतं. झाड आणि माणूस एकाच तराजूत घालून बघायचं त्याला सुचलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कपाळाला हात लावा. घाम असेल, किंवा आला तसा वाळूनही गेला असेल. बाहेरची हवा ३७ अंशांच्या वर गेली की ती शरीराकडून उष्णता घेत नाही, उलट देते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो: पाणी उडू देणं. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. खिडकीतला कूलर हेच करतो, ओल्या वाळ्यातून हवा ओढतो. जुलैत हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, आणि अंगावरचा घामही नुसता ओघळतो.

डोक्यावरच्या फांदीवर कावळा असेल तर त्याच्या चोचीकडे पाहा. ती उघडी आहे आणि तो भराभर धापा टाकतो आहे. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात, म्हणून तो अशा धापांमधून पाणी उडवतो. खाली कुत्रा जीभ बाहेर काढून पडला आहे, त्याचंही तेच चाललं आहे. आणि या कडुनिंबाची सावली छपराच्या सावलीपेक्षा थंड लागते, कारण तुमच्या डोक्यावर हजारो पानं या क्षणी पाणी उडवत आहेत.

आता मन काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत न्या. मृग बहार घेणाऱ्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात मुद्दाम पाणी तोडलं आहे. तो म्हणतो, झाडाला ताण दिला. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं मलूल होतात, काही गळतात, रंध्रं बराच वेळ मिटलेली राहतात. नवी पालवी थांबते, आणि जी काही साखर तयार होते ती खर्च न होता फांद्यांत साठत जाते. मग मृगाचा पाऊस येतो, किंवा ओलित सुरू होतं, आणि झाड फुलांनी भरून जातं. फळ हातात येतं पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण नेमका कुठे तोडायचा, हे पानाकडे बघून ठरवावं लागतं. अति झाला तर फांद्या वाळतात, सल वाढते. हे कसब मला फार मोठं वाटतं, कारण त्यात झाडाची सहनशक्ती रोज नजरेने तपासावी लागते.

शेवटी तळवे जमिनीवर टेका. मुळं याच मातीत श्वास घेत आहेत. त्यांच्यात हरितद्रव्य नाही, ती स्वतः ऑक्सिजन बनवत नाहीत. मातीच्या कणांमधल्या पोकळीतली हवा हाच त्यांचा आधार. संत्र्याच्या बागेत पावसाचं पाणी साचून राहिलं की ही पोकळी भरते, मुळं गुदमरतात, कुजतात, आणि बुंध्यातून डिंक गळू लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात आणि पावसाळ्याआधीच चर खणून ठेवतात.

शहरात हीच पोकळी आपण वरून बुजवली आहे. नागपुरात सिमेंटचे रस्ते आणि फरशीचे गट्टू आले, आणि कितीतरी कडुनिंबांच्या अगदी बुंध्यापर्यंत येऊन भिडले. त्या मुळांना वरून ना पाणी मिळतं, ना हवा. आज घरी जाताना आपल्या दारातल्या झाडाचा बुंधा पाहा. सिमेंट त्याला टेकलं असेल तर पावसाळ्याच्या आत, मुळांना धक्का न लावता, निदान मीटरभर माती चहूबाजूंनी मोकळी करून घ्या. रस्ता महापालिकेचा असेल तर अर्ज द्या आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करा.