आसन आणि घाम

वस्तु माणसासाठीं कीं माणूस वस्तूसाठीं, असा प्रश्न विचारला तर प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ पहिल्या पक्षालाच मत देईल. परंतु हाच गृहस्थ घरीं जाऊन नव्या कोचावर मुलांना बसूं देत नाहीं, आणि पाहुण्यांसाठीं घेतलेल्या कपबश्या फडताळांतच जुन्या होऊं देतो. तेव्हां या प्रश्नाचें खरें उत्तर तोंडानें नव्हे, तर वागणुकीनें दिलें जातें, असें म्हणावयास हरकत नाहीं. माझें उत्तर काय आहे हें मला माझ्या मोटारींतील कातडी आसनांनीं दाखवून दिलें.

अकोल्यासारख्या गांवीं अशीं आसनें बाळगणें म्हणजे उन्हाळाभर एक व्रतच आहे. आजकालच्या मोटारींतील कातड्यावर बहुधा रंगाचा आणि त्यावर रक्षक लेपाचा पातळ थर असतो. घामांतील क्षार आणि मानेचा, हातांचा तेलकटपणा त्यावर सांचत गेला म्हणजे तो थर मऊ पडतो, चिकट होतो, काळवंडतो, आणि अखेर त्याला भेगा पडतात. उपाय साधा आहे. आठवड्यांतून एकदां मऊ सुती कापड किंचित् ओलें करून आसन पुसावें. मळ अधिक असल्यास सौम्य साबणाचा फेस घ्यावा. लगेच कोरडें करावें. आणि गाडी सावलींत ठेवावी. खोबरेल चोळूं नये. जें काढावयाचें तेंच पुन्हां घातल्यासारखें तें होतें. वर सुती खोळ घालावी. मात्र ज्या आसनाच्या कुशींत अपघाताच्या वेळीं फुगणारी हवेची पिशवी असते, त्याची कूस खोळीनें आंवळूं नये. हें सर्व मी मोठ्या निष्ठेनें करीत असें.

ही काळजी आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील पुरुष केसांना मॅकॅसर तेल लावीत; त्याचे डाग पडूं नयेत म्हणून खुर्चीच्या पाठीवर जें कापड घालण्याची चाल पडली, त्याला 'अँटिमॅकॅसर' असेंच नांव मिळालें. आमच्या कचेऱ्यांतील साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो. तो आला घाम टिपण्यासाठीं, आणि होऊन बसला अधिकाराचें चिन्ह. रक्षणासाठीं घातलेलें कापड भेद दाखविण्याच्या कामीं कसें येतें, याचें हें नित्याचें उदाहरण आहे.

२०२४ च्या मे महिन्यांत अकोल्यांत पारा ४५ अंशांपुढें गेला, आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं १४४ व्या कलमाखालीं जमावबंदी लागू केली. कामगारांसाठीं पाण्याची आणि पंख्यांची सोय करावी, असेंही त्या हुकुमांत होतें. परंतु शेताच्या बांधावर पंखा कोण लावणार? त्याच दिवसांत एका दुपारीं मी बाळापूरकडून परत येत होतों. पऱ्हाट्या वेचण्याच्या कामावरून निघालेली एक म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला निंबाखालीं बसली होती. लुगडें घामानें अंगाला चिकटलें होतें. मीं गाडी थांबवून मागचें दार उघडलें. नेमकी त्या दिवशीं खोळ धुण्यास गेली होती. तिनें आंत पाहिलें आणि म्हणाली, "भाऊ, गादी खराब व्हईन. मी खालतंच बसतो." आणि खरोखरच ती पाय ठेवण्याच्या जागेंत बसूं लागली.

"मावशी, वर बसा," असें मी म्हणालों. परंतु तसें म्हणण्यापूर्वीं एक क्षण गेला. त्या क्षणांत मीं आसनाकडे पाहिलें होतें, आणि मला पाहतांना तिनें पाहिलें होतें. ती वर बसली. पण अकोला येईपर्यंत तिनें पाठ टेकली नाहीं.

मराठींत कातडें 'कमावतात' आणि पैसाही 'कमावतात'. दोन्हींत घाम आहे. चुन्याच्या पाण्यांत कातडें भिजवून, केस काढून, बाभळीच्या सालींत तें मुरविण्याचें काम आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं केलें, त्यांच्या स्पर्शाचा समाजानें विटाळ मानला. विहिरीवरची मोट कातड्याची होती. त्या कातड्याला विहिरींत उतरतां येत असे. तें कमावणाऱ्याला विहिरीवर चढतां येत नसे. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. पण माझा तो एक क्षण कोणत्या अनुच्छेदाखालीं येतो? मीं त्या बाईची जात विचारली नव्हती, हें खरें. मीं फक्त तिचा घाम पाहिला. जुना भेद नवें नांव घेऊन माझ्या गाडींत बसला होता, आणि त्याचें नांव होतें स्वच्छता.

यावर कोणी म्हणेल, मग वस्तु जपूंच नयेत काय? जपाव्यात. एका जनावराचें कातडें आणि अनेकांचे श्रम ज्यांत गेले, ती वस्तु हयगयीनें नासणें हा त्या सर्वांचा अपमान आहे. शिवाय पुढें बसणाऱ्याला आसन स्वच्छ मिळावें, हीही माणुसकीच आहे. म्हणून जपणुकीची कसोटी मला एकच दिसते: जपण्यामुळें माझें दार अधिक सहज उघडतें कीं अधिक जड होतें? खोळ घातल्यामुळें कोणालाही निःशंकपणें 'बसा' म्हणतां येत असेल, तर ती खोळ पुण्याची. आसन निष्कलंक राहावें म्हणून माणूस खालीं बसत असेल, तर तें आसन रिकामेंच बरें.

मीं आतां खोळींचे दोन संच शिवून घेतले आहेत. एक धुण्यांत असला तरी दुसरा आसनावर असतो. वाटेंत कोणासाठीं गाडी थांबविली म्हणजे मी आसनाकडे पाहत नाहीं. बसणारा पाठ टेकतो कीं नाहीं, तेवढें आरशांतून पाहतों. कांहीं टेकतात, कांहीं टेकीत नाहींत. जे टेकीत नाहींत, त्यांचें देणें माझ्याकडे अजून बाकी आहे, असें मी समजतों.