न गेलेल्या माणसाचा स्वॅब

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या साथीत, हरिद्वारला कुंभमेळा भरला होता. मेळ्याची वाटही न धरलेल्या पंजाबातल्या एका गृहस्थाच्या मोबाइलवर त्याच महिन्यात निरोप आला, की तुमचा स्वॅब घेतला आहे. घरी बसलेल्या माणसाचा स्वॅब गंगेकाठी कसा पोचला, याचा त्याने पिच्छा पुरवला आणि त्यातून चौकशी निघाली. मेळ्यातल्या सुमारे एक लाख चाचण्या बनावट असाव्यात, असे प्राथमिक तपासात पुढे आले. एका मोबाइल नंबरावर पन्नासहून जास्त नावे होती; एकदाच वापरायच्या अँटिजन किटच्या एकाच क्रमांकावर सातशे माणसे तपासल्याची नोंद होती. उत्तराखंड उच्च न्यायालयाने रोज ५० हजार चाचण्या करायला सांगितले होते. आकडा भरायचा होता, तो भरला गेला. पैशांची लबाडी जुनीच म्हणायची; मला खुपते ते निराळे. चाचणी खोटी होती आणि त्या गृहस्थाचा नंबर खरा होता. ज्या यादीने साथ अडवायची तीच यादी माणसाशिवाय वाढू शकली, कारण मागितली यादीच गेली होती.

म्हणून माझे म्हणणे असे, की मेळा असो, सामना असो वा गाण्याची मैफल, दाराशी प्रश्न एकच असतो: या माणसाला आज आत सोडावे का? त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. नाव, पत्ता, आधार क्रमांक हे त्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे. पाहावे, सोडावे आणि विसरावे. विसरणाऱ्या पहारेकऱ्याने आरोग्याचे काही बिघडत नाही, आणि नोंद राहिली नाही म्हणजे ती कुणाच्या हाती लागण्याचा प्रश्नही उरत नाही.

याला पूर्वपक्ष उभा करायचा तर तो साथरोग अधिकाऱ्याच्या तोंडी द्यावा. वकिलाच्या तोंडी दिला तर तो फार लवकर हरेल. अधिकारी म्हणतो, “तुम्ही चाचणीला तिकीट समजता. माझ्या लेखी ती साखळीची पहिली कडी आहे. आज निगेटिव्ह आलेला माणूस आत जातो आणि चौथ्या दिवशी फणफणतो. त्याच्या पंगतीला बसलेल्यांना मी कुठे शोधू? तुमचा विसराळू पहारेकरी मला काय सांगणार? आणि ज्या घोटाळ्यावर तुम्ही हा डोलारा उभारलात, तो उघडकीला आला तोच मुळी नोंदीमुळे. नंबर लिहिलाच नसता, तर निरोप कुणाला गेला असता?”

हा घाव वर्मी बसतो, आणि तो चुकवून पुढे जाण्यात अर्थ नाही. मी एवढेच म्हणू शकतो, की ती नोंद बोलली ती मालकाकडे परतली तेव्हा. संगणकात पन्नास नावे एकाच नंबरावर निमूट पडून होती. मेळ्याचे आकडे त्याच नोंदींतून रोज जाहीर होत होते. तेव्हा नोंद असायची तर ती ज्याची त्याच्या हाती असावी. पिवळ्या तापाची लस घेतलेल्या प्रवाशाकडे पिवळे पुस्तक असते. विमानतळावर ते उघडून पाहतात आणि परत देतात. कोविनच्या लस-प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड डिजिटल सहीचा होता. खरा-खोटा ठरवायला तो माणूस कुठे आला-गेला हे लिहून ठेवायची गरज नव्हती. युरोपीय संघाने २०२१मध्ये कोविड प्रमाणपत्राचा कायदा केला, त्यात तर तपासणाऱ्याने माहिती ठेवून घेऊ नये असे स्पष्टच लिहिले.

अधिकारी हसतो. “पिवळे पुस्तक दाराशी चालते, चौथ्या दिवशी चालत नाही. कुणाला तरी फोन करायला नंबर लागतोच.” बरे, लागतो. चौदा दिवस ठेवा नंबर. इथे मी माझ्या मूळ म्हणण्यातून एक पायरी खाली उतरलो, हे कबूल करतो. पण मग पंधराव्या दिवशी तो पुसायचा कुणी? १८९७चा साथरोग कायदा मुळात चार कलमांचा. रेल्वेच्या प्रवाशांना तपासण्याचा अधिकार त्यात आहे, सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. तपासून जे कळले ते कधी विसरायचे, याची एक ओळ नाही. ‘आरोग्य सेतू’ ॲपसाठी ११ मे २०२०ला नियम निघाले, त्यात साधारण १८० दिवसांची मर्यादा आली, पण तो कायदा नव्हता. २०२३च्या माहिती-संरक्षण कायद्याने साथीच्या काळात संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवलीच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे २०१७मध्ये सांगताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालात कायदा, हेतू आणि प्रमाण यांच्या कसोट्या आल्या. प्रमाण मोजताना आपण ‘किती माहिती’ एवढेच मोजतो. किती दिवस, हे मोजायचे राहून जाते.

“तुम्हाला प्रत्येक सरकारी कपाटात चोर दिसतो,” असे अधिकाऱ्याने म्हणणे स्वाभाविक आहे. चोर नसतानाही काय होते, ते पाहावे. सिंगापूरने संपर्कशोधाचे ॲप आणताना माहिती फक्त साथीसाठी वापरू म्हटले होते. जानेवारी २०२१मध्ये, गुन्ह्याच्या तपासात पोलीस ती मागू शकतात, असे संसदेत सांगावे लागले. जर्मनीतल्या माइंत्सच्या पोलिसांनी त्याच वर्षाअखेरीस एका रेस्तराँमधल्या गिऱ्हाइकांची नोंद ‘लुका’ ॲपमधून मिळवली, कायद्याने मनाई असताना. ते पोलीस दुष्ट नव्हते. एका माणसाच्या मृत्यूचे साक्षीदार शोधत होते. दर वेळी कारण चांगलेच असते, हीच पंचाईत आहे. “मग साक्षीदार शोधू नयेत?” जरूर शोधावेत, पण त्यानंतर त्या दाराशी येणारा खरा नंबर लिहील का? खोट्या नंबरांची वही चौथ्या दिवशी तुमच्याही उपयोगाची नाही. खासगीपणाची हमी हीच साथरोग अधिकाऱ्याची पहिली गरज आहे. उपकार म्हणून द्यायची ती गोष्ट नव्हे.

इथे मी जिंकलो, असे वाटून बाजूला होण्याचा मोह होतो. पण अधिकारी भलतीकडूनच येतो. “तुम्ही सरकारपासून लपायच्या जागा शोधता आहात. आपला माणूस सरकारला भीत नाही, शेजाऱ्याला भितो.” आणि तो मार्च २०२०ची आठवण देतो. महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्का उमटवत होते. शेजारच्या कर्नाटकात अशा लोकांचे पत्तेच जाहीर झाले. शिक्का कुठल्या संगणकात नव्हता, तो गाडीत शेजारी बसलेल्याला दिसत होता. २०२१च्या आषाढीला मानाच्या दहा पालख्या चाचण्या होऊन एसटीने पंढरपूरला गेल्या. दिंडीतले एकमेकांना गावापासून ओळखतात. बसमधली एक जागा रिकामी राहिली, तर ती कुणाची आणि का, हे वीणेकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही.

म्हणजे मी ज्याला निरुपद्रवी समजत होतो ते ‘नाही’च सगळ्यात बोलके निघाले. पाहिले, नाव विचारले नाही, विसरलोही. पण मागे दोनशे माणसांची रांग होती आणि त्यांतला एकही विसरणार नाही. आदल्या दिवशी घरी चाचणी करावी, पॉझिटिव्ह आलेल्याने न जाता गप्प बसावे, हा उपाय सुचतो. पण मग दाराशी तपासणीच उरत नाही, उरतो तो विश्वास, आणि विश्वासावर मेळे सोडायला अधिकारी तयार नाही. मीही नाही.

२०२७ला सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरला आहे. तेव्हा एखादी साथ असलीच, तर तपासणीच्या तंबूला मागून वेगळे दार ठेवावे, असे मी म्हणतो. त्या दाराने बाहेर पडणाऱ्याकडे लोक कसे बघतील, असे अधिकारी विचारतो.