पिवळे कार्ड हाती आल्यानंतर

काचेच्या नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाचेक मिनिटे थांबायचे आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचे. गढूळपणाआड रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकलसेलची शंका. ही चाचणी किनवट-माहूरकडच्या आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही होते. मात्र मूल नुसते वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते, म्हणजे नमुना पुढे पाठवणे आले. गोंड, कोलाम, आंध कुटुंबांची परवड इथून सुरू होते.

विज्ञानाचे काम केव्हाच झाले आहे. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये दाखवले. त्यात एकच अमिनो आम्ल बदललेले असते हे व्हर्नन इनग्राम यांनी १९५६ मध्ये शोधले. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेने जनुक-संपादनाचा उपचार मंजूर केला. अमेरिकेत त्याची किंमत रुग्णामागे २२ लाख डॉलर. त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम निघाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. मोहीम हवीच होती. पण तपासणीच्या आकड्यालाच यश मानले, तर ती वाया जाईल. लाल कार्डाच्या, म्हणजे रुग्ण ठरलेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध महिनोन्महिने खंड न पडता मिळते का, त्यावर असताना करायची रक्ततपासणी वेळेवर होते का, हाडे ठणकू लागली की मजुरी बुडवून नांदेड गाठावे लागते का, हेही मोजले पाहिजे.

पिवळ्या, म्हणजे वाहकाच्या कार्डाचे दुखणे वेगळे. वाहक आजारी नसतो. उलट याच गुणाने मलेरियाच्या मुलखात त्याच्या पूर्वजांना तारले. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. एवढे नीट समजावले नाही तर कार्ड मुलीच्या कपाळी डाग होऊन बसते, कारण सोयरीक जुळवताना चौकशी होते ती तिचीच. समजावून न सांगता कार्ड वाटणे हा मला अन्याय वाटतो.

जनुकांचा प्रश्न आदिवासी तालुक्यांपुरता नाही. नांदेड-लातूरकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. त्यातून दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याचा धोका वाढतो. पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्ने झाली की नाते जवळचे नसतानाही तेच घडते. दक्षिणेतल्या वैश्य समाजात एका जनुकबदलामुळे सक्सिनिलकोलिन हे भुलेच्या वेळचे औषध काहींच्या शरीरात लवकर विरत नाही आणि रुग्णाला तासन्‌तास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. तेलंगणाला लागून असलेल्या नांदेडात आर्यवैश्य घरे पुष्कळ. त्यांच्यातले या बदलाचे प्रमाण तपासायला हवे. पण ‘घरात कुणाला भुलेनंतर शुद्धीवर यायला, श्वास घ्यायला फार वेळ लागला होता का?’ हे भूलतज्ज्ञाने कोणत्याही रुग्णाला आजच विचारावे. त्याला एक पैसा लागत नाही.

जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, इथली आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांनी तिच्या आधारे आपल्या भागाचे प्रश्न हाती घ्यावेत. नमुना घेतानाच अहवालाची तारीख सांगावी, आणि तो समजावायला गोंडी-कोलामी बोलणारा समुपदेशक वस्तीवर जावा. त्याचा पगार संशोधनाच्या अंदाजपत्रकातच धरावा.