यादी व लेकरू

सन २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात येतो. त्या दिवशी पैठणसारख्या तालुक्यांच्या गावोगावी शिक्षक मुलांस अल्बेंडाझोलची गोळी आपल्या समक्ष चावून खावयास लावितात. आजारी मुलास ती देऊ नये, असा नियम आहे. आता कोणी शिक्षक म्हणेल, "एका तापकरी मुलामुळे माझी यादी अपुरी का राहावी?" बंधूंनो, यादी लेकराकरिता आहे, लेकरू यादीकरिता नव्हे. रकाना प्रामाणिकपणे रिकामा राहिला, तर बरे झाल्यावर त्या मुलास ठरल्या फेरीत गोळी मिळते. खोटी खूण केली, तर त्याचा वाटा बुडतो. परक्याचे लेकरू ही देवाने आपल्या हाती दिलेली ठेव होय. तिचा हिशेब तोच घेईल.