दोन्हीकडे सारखीच कडी

१७ जुलै १९७५ रोजी अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं अंतराळात एकमेकांना जोडली गेली. अपोलोचे थॉमस स्टॅफर्ड आणि सोयुझचे अलेक्सेई लिओनोव्ह यांनी उघड्या दारातून हात मिळवले. खाली जमिनीवर दोन्ही देशांची अण्वस्त्रं एकमेकांवर रोखलेलीच होती.

मला त्या हस्तांदोलनापेक्षा जोडणीचं यंत्र जास्त मोलाचं वाटतं. तोवर एका यानाचा दांडा दुसऱ्याच्या खोबणीत शिरत असे. इथे अभियंत्यांनी दोन्हीकडे सारखीच कडी बसवली, तीन-तीन पाकळ्यांची. कोणतंही यान पुढाकार घेऊ शकेल, कोणतंही थांबू शकेल. हवासुद्धा निराळी होती! अपोलोत कमी दाबाचा शुद्ध प्राणवायू, सोयुझमध्ये पृथ्वीसारखी हवा. म्हणून दाब जुळवायला मध्ये एक वेगळी खोली जोडली. अंतराळवीर एकमेकांची भाषा शिकले. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेचं शटल रशियाच्या मीर स्थानकाला जोडलं गेलं, ते याच यंत्राच्या सुधारित रूपानं.

आधी मैत्री, मग सहकार्य, असा क्रम आपण धरून बसतो. इथे तसं घडलं नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर रशियानं हल्ला केला, तरी मार्चअखेर अमेरिकी अंतराळवीर मार्क वँडे हाय आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून रशियन सोयुझमधूनच परतले. त्यामुळे हल्ल्याचा अन्याय झाकला जात नाही, आणि तो झाकूही नये. पण ज्या दारांवर माणसांचा श्वास अवलंबून आहे, ती बंद करणं हा निषेधाचा मार्ग नव्हे. भांडण पेटलेलं असतानाही ती उघडीच ठेवली पाहिजेत.