शिंगराचा भोवरा

माढ्याकडील एका गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न घातला आहे. दिवाळीच्या सुमारास भीमा ओलांडून ते अकलूजच्या घोडेबाजारास गेले होते. तेथें मारवाड, काठेवाड, पंजाब इकडील जनावरें विक्रीस येतात. त्यांतील वर्षाचें एक शिंगरूं त्यांच्या मनांत भरलें. पाय सरळ, छाती रुंद, नजर निर्भय. मात्र डोळ्याखालीं केसांचा भोवरा होता. त्यास व्यापारी आंसूढाळ म्हणतात, व असें जनावर धन्यास रडवितें अशी समजूत आहे. या गृहस्थांचा असल्या गोष्टींवर काडीमात्र विश्वास नाहीं. तरी त्यांनीं भोवऱ्याकडे बोट दाखवून मान हालविली, आणि निम्म्या किंमतींत सौदा झाला. आतां ते विचारितात, "आम्हीं खोटें बोललों काय? आम्हीं तर तोंडही उघडलें नाहीं."

वाचकहो, शिंगराची खरेदी ही मुळांतच अंधारांतली खरेदी होय. मोठ्या घोड्याचें वय दांतांवरून कळतें, चाल बसून पाहतां येते. पण ज्याच्या पाठीवर अद्याप खोगीर पडलें नाहीं त्याचा वेग कोण सांगणार? अमेरिकेंत केंटकी प्रांतीं कीनलँड येथें सन १९८३ त थरोब्रेड जातीचें एक वर्षाचें शिंगरूं लिलांवांत १ कोटि २ लक्ष डॉलरांस गेलें. त्याचा बाप नामांकित नॉर्दर्न डान्सर. त्या शिंगराचें नांव स्नाफी डान्सर असें ठेविलें. पण तें शर्यतींत एकदांही धांवलें नाहीं. तेथें बापाचें नांव, येथें डोळ्याखालचा भोवरा. मनुष्य अंधारांत कांहींतरी चांचपतोच.

अशा व्यवहारांत विकणाऱ्यावर लोकांची नजर असते. गव्हाण चावून वारा गिळण्याची खोड लपवून घोडा विकला, तर मोठ्या लिलांवांच्या नियमांप्रमाणें तो ठरलेल्या मुदतींत परत करितां येतो. घेणाऱ्यावर मात्र कोणाचीच नजर नाहीं. माल हिणवून घ्यावयाचा व घरीं जाऊन फुशारकी मारावयाची, ही त्याची खोड नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत नमूद आहे. ती अजून गेलेली दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, बाजारांत त्या भोवऱ्याची किंमतच तेवढी; दुसरा आला असता तरी त्यानें कमीच दिले असते. हें खरें आहे. विकणाऱ्यानें आपण होऊन कमी दर सांगितला असता व यांनीं मुकाट्यानें पैसे मोजले असते, तर आम्ही फारसा दोष दिला नसता. पण यांनीं मान हालविली. जी भीति स्वतः खोटी मानितात, तिला त्या माणसासमोर खरी म्हणून साक्ष दिली, आणि त्या साक्षीचे पैसे घेतले. जीभ हालली नाहीं एवढ्यानें काय झालें? बाजारांत रुमालाखालीं नुसत्या बोटांनीं सौदे होतात, ते कोणी न बोललेले समजत नाहीं.

तेंच शिंगरूं दोन वर्षांनीं विकावयास न्याल, आणि समोरचा त्याच भोवऱ्याकडे बोट दाखवील, तेव्हां काय म्हणाल, असें आम्हीं त्यांस उलट विचारिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तो विकणारा पुढील बाजारास पुन्हा येणार आहे असें त्यांच्या पत्रांत होतें. त्यास गांठून आणखी किती द्यावें हें आम्ही ठरवीत नाहीं. मान हालविण्यापूर्वीं मनांत जो आंकडा होता तो त्यांचा त्यांस ठाऊक आहे.