आरशाचं अंगभूत

आरसा मळका असला तर प्रतिबिंब मळकं दिसतं, चेहरा मळत नाही. वेदान्तातल्या विवरण परंपरेचा हा आवडता दाखला. जीव हे ब्रह्माचं प्रतिबिंब, अविद्या हा आरसा. दोष सगळे आरशाचे. चांगदेव पासष्टीत ज्ञानदेव आणखी पुढे जातात: आरसा काढून घेतला तरी मुख आहे तसं असतंच. दोन्हीकडे आरशाची किंमत सारखीच, म्हणजे जवळजवळ शून्य.

मी विज्ञानाचा मास्तर. आमच्या रामाकोन्यात शाळा हिंदीतून आणि हरिपाठ मराठीतून. फळ्यावर मी वर्षानुवर्षं तेच चित्र काढलं: किरण आला, एका बिंदूला टेकला, तेवढ्याच कोनातून परतला. नागपूरला एम.एस्सी. करणारा भाचा एकदा म्हणाला, "मामाजी, तो त्या बिंदूवरून परततच नाही."

खरंच परतत नाही. काचेच्या आतून पूर्ण परावर्तन होताना झोत पडतो तिथून किंचित पुढे सरकून निघतो, हे गूस आणि हेन्शन यांनी 1947 साली दाखवलं. तो आडवाही सरकतो, असं फेडोरॉव्ह यांनी 1955 साली मांडलं आणि आँबेर यांनी 1972 साली प्रयोगात पाहिलं. काचेला निदान खोली असते; प्रकाश जरा आत डोकावून आला, अशी समजूत घालता येते. ग्राफीनला आतच नाही! कार्बनच्या अणूंचा एकच थर, जाडी जेमतेम 0.34 नॅनोमीटर. तरीही लॉस अलामोसच्या शास्त्रज्ञांनी 2016 साली गणिताने दाखवलं की, चुंबकक्षेत्रातल्या ग्राफीनवरून परतणारा झोत पायरीपायरीने सरकेल. आडवं सरकणं सुमारे 1/137 या स्थिरांकाच्या पूर्णांकी पटीत, पुढे सरकणं त्याच्या वर्गाच्या पटीत. सिलिसीन हा सिलिकॉनचा तसाच एकेरी थर, पण त्याचे अणू थोडे वर-खाली बसलेले असतात; त्याला लंब दिशेने विद्युतक्षेत्र लावून आडवं सरकणं बदलता येईल, हे तिथलंच पुढचं गणित.

हा पूर्णांक कुठून येतो? वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात. सूत सैल पडो, वर-खाली सरको, वेढ्यांची संख्या बदलत नाही. त्यासाठी ते तोडावंच लागतं. इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांनाही असे वेढे असतात. नमुन्यात थोडी अशुद्धी असली, एखादा अणू जागेवर नसला, तरी संख्या तीच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने 2022 साली पीळ दिलेल्या ग्राफीनमध्ये अशी संख्या बदलताना विद्युत मोजमापांतून टिपली.

ज्ञानदेवांना ग्राफीन ठाऊक होतं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. माझा प्रश्न उलटा आहे. मळाने न बदलणारं असं काही आरशातच असेल आणि ते प्रतिबिंबात उतरत असेल, तर त्याला दोष म्हणायचं का? आपल्याकडची कसोटी अशी की, जे ढळत नाही ते स्वरूप आणि स्वरूप तेवढं नित्य. हा पूर्णांक कसोटीच्या पहिल्या भागात उतरतो, दुसऱ्यात नापास होतो. विद्युतक्षेत्र पुरेसं वाढवलं की ऊर्जेची फट मिटते आणि आकडा बदलतो. म्हणजे तो नित्य नाही. पण पुसून जाणारा मळही नाही.

असंच काहीसं आमच्या मराठीचं. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमच्या गावाचा सौंसर तालुका मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाडा सुटून पांढुर्णा जिल्हा झाला. घरातली मराठी या सगळ्यात टिकली. ती अमर आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

नित्य आणि आगंतुक या दोनच खणांत सगळं बसवण्याची आपली सवय मला आता अपुरी वाटते. माणसाचा पिंड, बोली, स्वभाव यांना आपण उपाधी म्हणतो आणि घासून काढायला सांगतो. त्यातलं काही घासण्याने जाणारं नाही, आणि ते प्रतिबिंबाचा दोषही नाही. विवरणकारांच्या बाजूने याला उत्तर असेल तर ते मला जरूर ऐकायचं आहे. फक्त आरशाला स्वतःचं काही नसतं, हे गृहीत धरून दिलेलं नको.